तळाचा डोस

भिलाई, कँप दोन
५ फेब्रुवारी १९६१

ती. चंपतदादा,

नमस्कार. काम मोठं आहे म्हणून कार्डाऐवजी पाकीट.

दवाखान्यात नोटीस लागली आहे. ज्या कंपाउंडरांचं नाव रजिस्टरात नाही त्यांनी जुलैत रायपूरला फार्मसी मंडळाची परीक्षा द्यायची. लेखी आणि तोंडी. पास होईल तो औषधाच्या खिडकीवर राहील. नापास होईल तो ड्रेसिंगच्या खोलीत जाईल, पट्ट्या बांधायला. मी अकरा वर्षं औषधं बनवतो आहे. आठ तुमसरला बाबाराव डॉक्टरांच्या हाताखाली, तीन इथे. पण मंडळाला वर्षांशी काम नाही.

तुम्ही म्हणाल, पट्ट्या बांधणंही कामच आहे. आहे. पण सकाळी पोलादाच्या भट्टीच्या बांधकामावरचे दीडशे लोक माझ्यासमोर रांग लावतात. डॉक्टरची चिठ्ठी त्यांना वाचता येत नाही. बाटली हातात देताना मी जे बोलतो तेवढंच त्यांच्याबरोबर घरी जातं. ती जागा मला सोडायची नाही.

आता विचारायचं ते. प्रश्नसंच तीन आहेत. एक सुपेल्याच्या बाजारात मिळतो, हिंदी, सहाशे प्रश्न, कागद इतका पातळ की मागच्या पानावरचं उत्तर पुढच्या प्रश्नातून दिसतं. दुसरा माझ्या शेजारी काम करणाऱ्या भैयालालचा. तो दुर्गकडचा. परीक्षेच्या दिवशी रायपूरला फाटकाबाहेर उभा राहतो आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला काय विचारलं ते विचारून वहीत लिहितो. तीन वर्षं लिहितो आहे. उत्तरं मोठ्या इंग्रजी ग्रंथातून काढतो. वही द्यायला तयार आहे. पण शेवटी ती वही आहे. तिसरा तुमच्या नागपूरचा. 'निवृत्त परीक्षकाने सिद्ध केलेला' अशी पेपरात जाहिरात आली आहे.

तुम्ही छापखान्यात आहात. कोणता घ्यावा?

तुमचा
ओमप्रकाश

•

नागपूर, महाल
१३ फेब्रुवारी १९६१

चि. ओमप्रकाश,

आशीर्वाद. विचारलंस ते बरं केलंस. लोक विचारत नाहीत आणि मग रडतात.

सुपेल्याचा संच हातात धरू नकोस. असले संच मीच तपासलेले आहेत. प्रूफ वाचणाऱ्याला जे ठाऊक असतं ते वाचकाला कळलं तर पुस्तकांची दुकानं बंद होतील. भैयालालची वही त्याच्यापाशी राहू दे. परीक्षेतून घाबरून बाहेर आलेल्या माणसाने सांगितलेला प्रश्न आणि अपघात पाहिलेल्या माणसाने सांगितलेला मोटारीचा नंबर, सारखेच.

तिसरा घे. तो आमच्याच छापखान्यात होतो आहे. गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. मोठा अधिकार. पण मे महिन्यापर्यंत थांबावं लागेल, ते अजून हात फिरवताहेत. तुझ्या परीक्षेसाठी हिंदी आवृत्तीही निघेल.

तोवर रिकामा बसू नकोस. तुझी तयारी कुठवर आहे ते पाहावं म्हणून सोबत तीस प्रश्न पाठवतो. सविस्तर उत्तरं लिही. जसं करतोस तसं लिही, कुठून उतरवू नकोस. कागदाच्या एकाच बाजूला लिही, डावीकडे चार बोटं जागा सोड. शाई काळी असावी. महिनाअखेर मिळायला हवं.

कौशल्याला आशीर्वाद.

चंपत

•

भिलाई, कँप दोन
२७ फेब्रुवारी १९६१

ती. चंपतदादा,

तीसही उत्तरं सोबत आहेत. दहा रात्री लागल्या. भाजलेल्याला काय लावायचं तो प्रश्न मी चार पानं लिहिला, कारण इथे रोज कोणीतरी भाजून येतो. लांब झालं असेल तर मार्क कापा.

नवव्या प्रश्नाबद्दल सांगून ठेवतो. आठ औंसांची बाटली, एक औंसाचा डोस, बाटलीला चिकटवायच्या कागदी पट्टीवर खाचा किती? सोपं वाटतं. पण बाबाराव डॉक्टर आठ औंसांच्या बाटलीला सातच खाचा कापायला लावत. तळाचा औंस रोग्याने फेकून द्यायचा. आठ वर्षं मी सात कापल्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. इथे आल्यावर आठ कापायला सांगितलं, आठ कापतो. तुम्ही 'जसं करतोस तसं' म्हणालात. मग कोणतं लिहू? शेवटी डॉक्टरांचं लिहिलं. कारण द्यायलाच हवं होतं, म्हणून लिहिलं की तळाशी औषधाचा जोर साचतो, तो रोग्याच्या अंगावर येतो. मला स्वतःला शंका होती म्हणून जरा ठासून लिहिलं. डॉक्टर म्हणायचे, कंपाउंडर अडखळला की रोग्याचा ताप एक डिग्री चढतो.

कौशल्या विचारते, "परीक्षा रायपूरले हाय ना? मंग नागपूरच्या मानसाले कावून विचारून राहिले?" तिला म्हटलं, आपल्या आज्यापासून सगळं नागपूरलाच विचारलं जातं. ती म्हणाली, "आता मध्ये दुसरं राज्य झालं, तुमच्या आज्याले सांगा."

मार्क कळवा.

ओमप्रकाश

•

नागपूर
८ मार्च १९६१ (कार्ड)

चि. ओमप्रकाश, उत्तरं पाहिली. समाधान झालं. मार्क सांगत नाही, डोक्यात हवा जाईल. कौशल्याला सांग, सरकारं बदलली म्हणून जुलाब बदलत नाहीत. आणखी तीस प्रश्न वेगळ्या पाकिटात येताहेत. भाजलेल्याचं उत्तर दोन पानांत बसव, बाकीचं जमलं आहे. — चंपत

•

भिलाई, कँप दोन
२१ मे १९६१

ती. चंपतदादा,

पुस्तक मिळालं. हिंदी आवृत्ती, पिवळं कव्हर. मी त्याला खाकी कागद चढवला आहे.

दादा, काय अधिकार आहे गृहस्थांचा! माझ्यासारख्याने लिहिलं तर 'बहुधा', 'साधारणपणे' असे शब्द येतात. इथे एकही नाही. भाजलेल्याचं प्रकरण तर असं आहे की माणूस भट्टीजवळ उभा राहून लिहितो आहे असं वाटावं. नागपुरात बसून हे कसं जमलं असेल? आणि नववा प्रश्न त्यांच्याकडे अडतिसावा आहे. उत्तर सात! तळाशी जोर साचतो, म्हणून शेवटचा औंस फेकावा. शब्दशः माझं कारण. मी दहा वेळा वाचलं. बाबाराव डॉक्टर आज असते तर मी पुस्तक घेऊन तुमसरला गेलो असतो. आडबाजूच्या गावचा डॉक्टर, आणि एवढा मोठा परीक्षक तेच म्हणतो.

मी संध्याकाळी मोठ्याने पाठ करतो. आधी हिंदी, मग समजावं म्हणून मराठी. परवा कौशल्या भाकरी थापता थापता हसायला लागली.

"काय झालं?"

"हे तं तुमीच बोलून राहिले."

"पुस्तक आहे ते. छापलेलं."

"असंल. पन बोलून तुमीच राहिले. 'भाजलेल्या मानसाले पहिले पानी नाही, पहिले धीर द्या.' हे तुमी मले लग्नाच्या सालापासून सांगून राहिले."

मी तिला म्हटलं, ज्ञानी माणसं सगळीकडे सारखंच बोलतात. तिने भाकरी उलटली.

भैयालालने पुस्तक चाळायला मागितलं. त्याने अडतिसावा वाचला, आपली वही उघडून पाहिली आणि पुस्तक परत दिलं. वाईट वाटलं असेल. तीन वर्षांची वही आहे. धोंडबा म्हणून भंडाऱ्याकडचा एक नवा कंपाउंडर आहे, त्याला मी रोज तासभर पुस्तकातून शिकवतो.

गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

ओमप्रकाश

•

नागपूर
२ जून १९६१ (कार्ड)

चि. ओमप्रकाश, नमस्कार पोचवला. त्यांना आनंद झाला. हिंदी आवृत्ती रायपूर, जबलपूर दोन्हीकडे उठली, मालक खुशीत आहेत. पाठ करताना शब्द बदलू नकोस. छापील शब्दाला परीक्षक मान देतो. — चंपत

•

भिलाई, कँप दोन
१४ सप्टेंबर १९६१

ती. चंपतदादा,

पास झालो. यादीत तिसरा. धोंडबाही पास झाला, अकरावा. खिडकी राहिली. कौशल्याने शेजारी बुंदी वाटली आणि सगळ्यांना सांगितलं की पुस्तकामुळे पास झाले. माझ्याकडे न पाहता सांगितलं.

तुम्हाला तोंडी परीक्षेची हकीकत लिहायची राहिली होती. परीक्षकाने मला बाटलीचाच प्रश्न विचारला. मी सात म्हणालो, कारण सांगितलं. त्याने टेबलाचा खण थोडा ओढला, आत पाहिलं आणि मान हलवली. खणात पिवळं कव्हर होतं. दादा, मला तेव्हा इतका अभिमान वाटला, जणू पुस्तक मीच लिहिलं आहे.

भैयालाल नापास झाला. लेखीत तो माझ्या पुढे होता. तोंडीत त्यालाही बाटली विचारली. तो म्हणाला, आठ खाचा, आणि लेबलावर लिहायचं की हलवून घ्यावं. परीक्षक म्हणाला, चूक. तो म्हणाला, ग्रंथात आहे. परीक्षकाने खण ओढून पाहिलं आणि म्हणाला, नाही. भैयालाल वाद घालत राहिला. सोमवारपासून तो ड्रेसिंगच्या खोलीत आहे.

त्याने माझ्याशी बोलणं सोडलेलं नाही. पहिल्या दिवशी पट्टी गुंडाळत एवढंच म्हणाला, "दवई ह तो तरी म बइठथे भइया. अउ तुमन उही ल फेंकवावत हव." औषध तर खालीच बसतं, आणि तुम्ही तेच फेकायला सांगता.

खडूचं मिक्श्चर आम्ही रोज देतो, जुलाबावर. खडू खाली बसतो हे मला अकरा वर्षं दिसतं आहे. तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गृहस्थांनी याचा विचार केलाच असेल. त्यांचा पत्ता द्या, मी स्वतः विचारतो.

ओमप्रकाश

•

नागपूर
२२ सप्टेंबर १९६१

चि. ओमप्रकाश,

मनापासून अभिनंदन. आपल्या घराण्यात रजिस्टरात नाव असलेला तू पहिला. मी छापखान्यात सगळ्यांना चहा दिला.

गृहस्थ सध्या काशीला आहेत. प्रकृती बरी नसते, पत्रव्यवहार बंद आहे. पास झालेल्या माणसाने उत्तरपत्रिका पुन्हा तपासू नये. भैयालालचं वाईट वाटतं, पण परीक्षकाशी हुज्जत घालणारा कंपाउंडर रोग्याशीही घालेल.

चंपत

•

भिलाई, कँप दोन
९ ऑक्टोबर १९६१

ती. चंपतदादा,

गृहस्थ काशीला आहेत हे वाचलं. मग मी ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं. म्हणजे घरात. कौशल्या तुमसरचीच. मी म्हटलं, बाबाराव डॉक्टर तळाचा औंस का फेकायला लावत?

ती म्हणाली, "अवो, ते पान्याचा गाळ होता. नदीचं पानी यायचं दवाखान्यात. पावसाळ्यात तं चहासारखं. माही माय रोज म्हनायची, डाक्टरची बाटली संपली का खाली नदी दिसते."

"मग तू हे आधी का नाही सांगितलं?"

"मले वाटलं तुमाले ठाऊक हाय. तुमी कंपाउंडर ना?"

दादा, गाळ होता. इथे पाणी नळाचं आहे. गाळ नाही, खडू आहे. मी आठ वर्षं गाळ फेकला आणि परीक्षेत औषध फेकायला सांगितलं. मी चुकलो ते समजतं. पण एवढा मोठा परीक्षक, त्याने कधी तुमसरचं पाणी पाहिलं नसताना, तीच चूक कशी करतो?

मी मंडळाला लिहितो आहे. अडतिसावं उत्तर चूक आहे, भैयालालचं बरोबर होतं, त्याचा निकाल पुन्हा पाहावा. माझा निकाल रद्द केला तरी चालेल असं लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. गृहस्थांची दोन ओळींची साक्ष जोडली तर वजन येईल. काशीचा पत्ता द्या.

ओमप्रकाश

•

नागपूर
१४ ऑक्टोबर १९६१

चि. ओमप्रकाश,

मंडळाला लिहू नकोस. लिहिलं असशील तर आणखी काही पाठवू नकोस.

काशीला कोणी नाही. गृहस्थ नाहीत. मालकांनी जाहिरात आधी दिली, पुस्तक नंतर शोधायला लागले. एक परीक्षक ठरले होते, त्यांनी ऐन वेळी नाही म्हटलं. मालक मला म्हणाले, चंपतराव, वीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं सुधारताय, एक जुळवा. मी सहा जणांना प्रश्न पाठवले. भंडारा, वर्धा, अकोला, उमरेड, गोंदिया आणि तू. तुझी साठच्या साठ उत्तरं घेतली, कारण बाकीच्यांना लिहिता येत नाही. 'बहुधा' आणि 'साधारणपणे' मी काढले. प्रूफात ते मला खटकतात.

मी औषधातला माणूस नाही. मला चूक दिसते ती अक्षराची. अडतिसाव्यात एकही नव्हती.

तुला सांगणार होतो. पण तू पुस्तकाची इतकी स्तुती लिहिलीस की मला वाटलं, तुला ती स्तुती मिळू द्यावी. हे कारण मला स्वतःला पुरतं की नाही, ठाऊक नाही.

आता ऐक. तू पास आहेस. दुसरी आवृत्ती नोव्हेंबरअखेर निघते आहे, तीत मी सातचं आठ करतो, 'हलवून घ्यावे' हेही घालतो. कोणाला कळणार नाही आणि पुढे कोणी चुकणार नाही. मंडळाकडे तुझ्या सहीचं पत्र गेलं तर चौकशी होऊन माझी नोकरी जाईल, मालकांवर बालंट येईल, आणि भैयालाल पास होईलच असं नाही.

चंपत

•

भिलाई, कँप दोन
१९ नोव्हेंबर १९६१

ती. चंपतदादा,

तुमचं पत्र येण्याआधी माझं मंडळाला गेलं होतं. तुमचं वाचल्यावर मी दुसरं पाठवलं. त्यात लिहिलं की अडतिसावं उत्तर माझंच आहे, मीच ते शंका असताना ठासून लिहिलं. तुमचं नाव घातलं नाही, छापखान्याचंही नाही.

तुमच्यावर राग नाही. आठवडाभर होता. मग लक्षात आलं की तुम्ही मला फसवलं त्याहून मोठी गोष्ट ही, की मी मलाच ओळखलं नाही. माझीच वाक्यं मी दोन महिने पाठ केली, ती शहाण्या माणसाची वाटली म्हणून. कौशल्याने भाकरी थापता थापता ओळखलं.

मंडळाचं उत्तर आलं. हिंदीत आहे, मतलब सांगतो. सदर ग्रंथ निवृत्त परीक्षकाचा असून मान्यताप्राप्त आहे. त्यातील उत्तर आपले असल्याचा दावा हास्यास्पद आहे. नव्याने उत्तीर्ण झालेल्या कंपाउंडराने ज्येष्ठ ग्रंथकाराचे श्रेय लाटू नये, अन्यथा कारवाई होईल. एक प्रत आमच्या डॉक्टरला. सोबत सूचना, की आठ औंसांच्या बाटलीबाबत एकसूत्रीपणा राहावा म्हणून सर्वत्र ग्रंथाप्रमाणे सात खाचा कापाव्यात.

डॉक्टर चांगला माणूस आहे. कागद वाचून हसला आणि म्हणाला, "दुसरा कागद येईपर्यंत सात काप."

मी सात कापल्या. पण बाटली देताना प्रत्येकाला सांगायला लागलो की हलवून घ्या आणि तळाचंही प्या, टाकू नका. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी गयाबाई म्हणून विटा वाहणारी बाई आहे, तिच्या पोरीला जुलाब. तिला सांगितलं. ती बाटली उजेडात धरून म्हणाली, "खाली तं खूनच नाही हाय. मंग ते कसं देऊ?"

"खूण नसली तरी द्यायचं, बाई."

"मागं तूच म्हनला होता का खुनेपरमानं देजो. आता खुनेच्या खालचं देजो म्हनते. पोरगी माही हाय."

ती सरळ डॉक्टरकडे गेली. रांगेतल्या दोघांनी साक्ष दिली की खिडकीवाला फेकायचं औषध पाजतो. त्या दिवशी रांग पांगली. डॉक्टरने मला आत बोलावलं. म्हणाला, तू बरोबर असशील, पण माणसं घाबरली, आणि वर तुझ्या नावाचा कागद आधीच आला आहे. खिडकीवर आता धोंडबा आहे. मी शिकवलेलं त्याला सगळं पाठ आहे. तो सात कापतो, जास्त बोलत नाही. तक्रार नाही.

गयाबाईची पोरगी बरी आहे. डॉक्टरने तिला दुसरं औषध दिलं, गोळ्यांचं.

मी आणि भैयालाल ड्रेसिंगच्या खोलीत आहोत. तो बरोबर बोलला म्हणून, आणि मी तो बरोबर आहे असं बोललो म्हणून. काम वाईट नाही. खोलीला खिडकी नाही, पण वरच्या झरोक्यातून भट्टीचा धूर दिसतो.

आता तुमच्याकडे एक काम आहे. डिसेंबरच्या वीस तारखेला भैयालाल पुन्हा परीक्षेला बसतो आहे. तोच परीक्षक आहे, तोच खण. पुस्तकातलं ते उत्तर आठ करू नका. निदान वीस तारखेपर्यंत करू नका. नवी आवृत्ती मंडळाने वाचलीच तरी सूचना बदलायला त्यांना वर्ष लागेल, आणि मधल्या काळात कोणाच्या खणात कोणती आवृत्ती आहे ते आपल्याला कळणार नाही. सात राहू द्या.

मी त्याला रोज दुपारी सात शिकवतो. हुशार माणूस आहे, म्हणून वेळ लागतो. दोनदा विचारलं की सात म्हणतो, तिसऱ्यांदा विचारलं की माझ्याकडे बघतो आणि आठ म्हणतो.

ओमप्रकाश